अडून बसलेले चाक

विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे झाकरी नाचणारे, मागे मंडळी, आणि मधोमध ती जुनी लँड रोव्हर, हा क्रम गावात इतका रूढ झाला होता की, गणपतीचे वाहन कोणते असे विचारले असता लहान मुले उंदराचे नाव न घेता तिचेच घेत. त्या वर्षी मात्र चतुर्थीला तीन आठवडे उरले असता ती गाडी वळेनाशी झाली. सुकाणू दोन्ही हातांनी ओढावे लागे, आणि पुढच्या उजव्या चाकामागे रोज सकाळी तेलाचे थारोळे साचलेले दिसे.

गाडी आजाची. १०९ इंची, मागे उघडा हौदा असलेली. सीरीज थ्री या नावाने १९७१ पासून १९८५ पर्यंत ज्या गाड्या निघाल्या, त्यांपैकी एक. उसाच्या मळ्यावर राबून ती मोडीत निघाली, तेव्हा आजाने लिलावात घेतली. आजामागे ती काकांच्या अंगणात आली, आणि तिचे करावयाचे काय, हा प्रश्न पुतण्याच्या वाट्यास आला. पुतण्या एबेनमध्ये संगणकावर काम करणारा. त्याने भंगारवाल्याशी भावही बोलून ठेवला होता. काका मळ्याच्या कर्मशाळेत आयुष्यभर फिटर म्हणून राबलेले. आता मनगटांत पूर्वीचे बळ उरले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "उघडून तरी पाहू. मग वीक."

या गाडीची एक गंमत आहे. १९४८ साली पहिली लँड रोव्हर निघाली, तेव्हा युद्धातून उठलेल्या इंग्लंडात पोलादाची टंचाई होती. म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले आणि पुढेही ती रीत चालू राहिली. त्यामुळे वरून पाहावे तर पत्र्यास तांबेऱ्याचा ठिपका नाही. सांगाडा आणि ॲक्सल मात्र लोखंड-पोलादाचेच. मोराचा पिसारा पाहून हरखावे आणि मग पायांकडे दृष्टी जावी, तसे काहीसे होते.

त्यातही पुढचा ॲक्सल नाजूक. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत पुढच्या चाकाने गाडी ओढावयाची आणि शिवाय वळावयाचेही. यासाठी ॲक्सलच्या टोकास क्रोमचा मुलामा दिलेला एक पोकळ गोळा असतो. त्यावर बिडाचे घर बसते. वर एक आणि खाली एक अशा दोन किंगपिनांवर ते घर फिरते, आणि त्याबरोबर चाक वळते. घराच्या कडेचे ऑइल सील गोळ्यावर सतत घासत असते. मुलामा गुळगुळीत आहे तोवर तेल आत राहते; त्याला गंजाचे खड्डे पडले की सील फाटते, तेल गळते आणि वाळू व पाणी आत शिरते.

येथे खड्डे पडले होते, आणि त्याचे कारण शोधावयास दूर जावे लागले नाही. दर वर्षी मूर्ती उतरविण्यासाठी गाडी ओल्या वाळूत नेली जाई आणि लाटा चाकांशी खेळून जात.

"म्हणजे गणपतीनेच ती गंजवली," पुतण्या हसून म्हणाला.

काका हसले नाहीत. "आजा त्याच रात्री खाली निजून गोड्या पाण्याने ती धूत असे. तू लहान होतास, पाण्याची नळी तूच धरीत होतास."

यावर पुतण्या काही बोलला नाही. आजा गेल्यानंतर ती नळी कोणी धरली नव्हती.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नये, हा पहिला नियम. म्हणून ॲक्सलखाली भक्कम घोडी लावून मगच चाक काढले. पहिली चूक तासाभरातच झाली. पुतण्याने नवी कोरी पान्यांची पेटी आणली होती, पण ती मिलिमीटरच्या मापाची, आणि गाडी इंची. अर्ध्या इंचाचा माथा १२.७ मिलिमीटर भरतो. त्यावर १३ चा पाना चढतो खरा, पण ०.३ मिलिमीटरची ती फट गंजलेल्या बोल्टाचे कोपरे खाऊन टाकते. एक माथा गोल झाला. काकांनी घरातून फडक्यात गुंडाळलेले आपले जुने इंची पाने आणून दिले आणि अधिक काही बोलले नाहीत. ड्रम, हब, बेअरिंगे ही सारी त्या दिवशी निघाली. त्यांची कथा सांगण्यात अर्थ नाही.

टाय रॉडचा बॉल जॉइंट मात्र अडला. त्याची दांडी निमुळती असते आणि वळणाच्या हाताच्या तशाच निमुळत्या भोकात ती घट्ट बसते. वर्षानुवर्षांच्या गंजाने दोन्ही एकजीव होतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे भाग जितका गंजेल तितका तो आपणच आपल्याला आवळीत जातो. पुतण्याने दुबेळक्याची पाचर ठोकली. तिने जॉइंटचे रबर फाडले, जॉइंट जागचा हलला नाही. त्याने घण उचलला.

"दूसमाँ," काका म्हणाले. "तू त्याला ओढतो आहेस. त्याला ओढावयाचे नसते, चकवावयाचे असते."

नट पुरता न काढता चार आटे ठेवून तो सैल केला. मग काकांनी जड हातोडा भोकाच्या एका बाजूस टेकवून धरला आणि दुसऱ्या बाजूस, नेमका समोर, पुतण्यास मारावयास सांगितले. घाव दांडीवर नव्हे, भोकाभोवतीच्या लोखंडावर. मागे आधार असला म्हणजे घाव वाया जात नाही. भोक क्षणभर किंचित लांबट होते आणि दांडीवरची पकड सुटते. यासाठी दोन माणसे लागत नाहीत, एकट्यानेही ते साधते. परंतु काकांना आता घाव घालणे जमत नव्हते आणि पुतण्यास कुठे घालावा हे कळत नव्हते. घण काकांच्या बोटांपासून चार अंगुळांवर पडणार होता. पहिले दोन घाव पुतण्याने भिऊन हलके घातले.

"माझ्या हाताकडे पाहू नकोस. लोखंडाकडे पाहा."

पाचव्या घावास बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि जॉइंट नटावर लोंबकळला.

स्टब ॲक्सलचे सहा बोल्ट निघाले, तरी तो घरास चिकटून राहिला. सांध्यात छिन्नी घालण्याचा मोह येथे प्रत्येकास होतो. छिन्नीने भाग निघतो, पण तासलेल्या पृष्ठभागास ओरखडा पडतो आणि पुढे तेथूनच तेल झिरपते. काकांनी गंज सोडविणारे तेल लावून घेतले आणि काम थांबविले. त्या संध्याकाळी त्यांनी प्रथमच सांगितले की, तरुणपणी ऐन तोडणीच्या हंगामात असाच अडलेला स्टब ॲक्सल त्यांनी टोकाकडून घणाने ठोकला होता, नट न चढविता. टोकाचे आटे चेपले. नवा भाग बोटीने येईपर्यंत ती गाडी उभी राहिली, आणि ऊस इतरांनी वाहिला. त्यांना कोणी रागावले नाही. तेच अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी लाकडी मोगरीने भोवताली हलकेच ठोकता ठोकता केसाएवढी फट दिसू लागली, तेव्हा दोघेही क्षणभर थांबले.

वरची किंगपिन शेवटची. पुतण्यास गॅसची ज्योत हवी होती, काकांनी नाकारली. आत तेल होते, आणि पिनेखालचे बूश कापड व राळ यांचे असल्यामुळे जळणारे होते. चारही बोल्ट काढल्यावर त्यांनी पिनेच्या पट्टीस पितळी दांड्याने आडवे ठोकविले. आधी फिरवावयाचे, मग उपसावयाचे. पट्टी एका बाजूस तीळभर सरली. तेल. परत उलट. पुन्हा तेल. दुपार उलटली तेव्हा पिन बोटांनी उचलता आली.

पट्टी पुसताना तिच्या कडेस पंचाने उमटविलेले दोन बारीक ठिपके दिसले, आणि त्यांच्यासमोर घरावरही दोन. जोडताना भाग पूर्वीच्याच जागी यावा, म्हणून कोणीतरी केलेली ती खूण. काकांनी अंगठा फिरवून पाहिला. "आजाचे," ते म्हणाले. "तो नेहमी दोनच मारी."

पुतण्याने ती पिन रॉकेलमध्ये धुऊन फडक्यावर मांडली, शिमा ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने तिच्याशेजारी ठेवल्या, आणि नव्या गोळ्याची व सीलची चौकशी करण्यासाठी दूरध्वनी केला. भंगारवाल्यास काय कळविले, ते काकांनी विचारले नाही.

चतुर्थीला सोळा दिवस होते. डावे चाक अद्याप उघडावयाचे होते. पुतण्या जॅक ओढीत त्या बाजूस गेला.