वयनीचे काम

माझी पत्नी गावाची कामे करायची. ते तिच्या स्वभावातच होते असे मी वर्षानुवर्षे मानत आलो आणि विचारणाऱ्याला तसेच सांगत आलो. आज मला तसे वाटत नाही. मत बदलले ते का आणि कसे, हे लिहून ठेवावेसे वाटते. कारण तिचा विषय निघाला की केरीत अजूनही पहिले वाक्य तेच येते, "तिका देवान स्वभावच तसो दिल्लो." हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते हे मला ठाऊक आहे. तरीही आता ते ऐकताना मी अस्वस्थ होतो.

केरी म्हणजे पेडणे तालुक्याचे आणि गोव्याचेही जवळजवळ उत्तर टोक. तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे अलीकडे आम्ही आणि फेरीबोटीने पलीकडे गेले की तेरेखोलचा किल्ला. पर्यटकाला इथले सुरूचे बन आणि किनारा दिसतो. इथे राहणाऱ्याला अंतर दिसते. साध्या आजाराला तुये, त्याहून मोठ्याला म्हापसा आणि डॉक्टरांनी मान हलवली की बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ. पहाटेची बस धरायची, पुढे बस बदलायची, केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, मग कोणत्या विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते कळायचे, आणि वार चुकला असेल तर तसेच परत यायचे. एकट्या म्हातारीने हे करायचे म्हणजे न जाणेच बरे. अशा म्हाताऱ्यांबरोबर ही जायची.

दुसरे काम कागदांचे. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मानधन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि का थांबले ते त्या माणसाला कळतही नाही. २०१२ मध्ये गृहिणींसाठीची गृह आधार योजना आली तेव्हा आमच्या सोप्यावर बायकांची ये-जा वाढली. "वयनी आसा?" अशी हाक फाटकातूनच यायची. नवऱ्याच्या नावातले स्पेलिंग रेशनकार्डावर एक आणि बँकेत दुसरे, असल्या अडचणी ती एकेक करून सोडवायची.

तिसरे काम सगळ्यांत अवघड. दारू ही आमच्याकडे लपवायची गोष्ट नाही. काजूच्या हंगामात हुर्राक, एरवी फेणी, आणि संध्याकाळी तावेर्नात बसणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही. त्यामुळे ज्याची दारू हाताबाहेर गेली त्याच्या बायकोने कुणापाशी बोलावे हा प्रश्नच असतो. सगळेच पितात, मग तुझेच काय वेगळे, असे तिला सांगितले जाते. अशा घरांत हिला बोलावणे यायचे. क्वचित न बोलावताही ती जायची.

ती गेल्यावर मी ठरवले होते की तिच्या नावाने पुरस्कार ठेवायचा. दरवर्षी तालुक्यातल्या एका समाजसेविकेला शाल, श्रीफळ, मानपत्र आणि काही रक्कम. मानपत्राचा मसुदाही मनात तयार होता. त्यात 'सेवाभावी', 'परदुःखाने कळवळणारी', 'स्वतःसाठी कधी न जगलेली' असे शब्द होते. ते शब्द मला अजिबात पोकळ वाटत नव्हते. तिच्या वियोगात मला दुसरे काही सुचतही नव्हते.

याच काळात डॉ. अनिल अवचटांचे 'मुक्तांगणची गोष्ट' पुन्हा वाचले. पूर्वी वाचले होते ते अवचटांसाठी. या वेळी वाचले ते त्यांच्या पत्नीसाठी, एका नवऱ्याने आपल्या गेलेल्या बायकोचे काम कसे सांगितले आहे ते बघण्यासाठी.

डॉ. सुनंदा अवचट, अनिता या नावानेही अनेक लोक त्यांना ओळखतात, या मानसोपचारतज्ज्ञ. येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी. पती डॉक्टर असूनही व्यवसाय सोडून लेखनात आणि चळवळींत रमलेले. घर चालले ते सुनंदाबाईंच्या पगारावर, आणि हे अवचटांनी कधी लपवले नाही. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, मुंबई-पुण्यातल्या कोवळ्या पोरांपर्यंत पोचली. अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि व्यसनमुक्ती केंद्र काढायला सांगितले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झाले. लेख त्यांचे, देणगी पुलंची, पण रोज सकाळी त्या पोरांसमोर उभे राहायचे होते ते सुनंदाबाईंना.

इथे मी थांबलो. कारण सुनंदाबाई प्रेमळ होत्या हे पुस्तकात आहेच, पण ते प्रेम कोणत्या घडणीतून गेले ते अधिक आहे. औषधाने शरीराची तलफ काही दिवसांत उतरते, खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो हे त्यांना शास्त्रामुळे माहीत होते. म्हणून दाखल झालेल्याला तिथे पाच आठवडे ठेवायचे. झाडलोट, स्वयंपाक अशी कामे रुग्णांनीच वाटून घ्यायची. व्यायाम, गटचर्चा, समुपदेशन यांची वेळ ठरलेली. बाहेर पडल्यावर पाठपुरावा. व्यसनमुक्त राहिल्याला वर्ष झाले की त्याचा वाढदिवस, बायको-मुलांसमोर. रुग्णाच्या पत्नीला एकटे सोडायचे नाही, म्हणून 'सहचरी' हा बायकांचा गट. आणि सगळ्यांत धाडसाचे म्हणजे, जे बरे झाले त्यांतल्या काहींना कार्यकर्ता म्हणून कामाला घ्यायचे. काल ज्याच्यावर घरच्यांचा विश्वास नव्हता त्याच्या हाती आज आलेला नवा रुग्ण सोपवायचा.

हे सगळे एखाद्याच्या चांगुलपणातून आपोआप उगवत नाही. ते योजावे लागते, करून बघावे लागते, फसले तर बदलावे लागते. सुनंदाबाईंना पुढे कर्करोगाने गाठले. आजारातही त्या काम करत राहिल्या आणि १० फेब्रुवारी १९९७ रोजी गेल्या. मुक्तांगण बंद पडले नाही. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर आणि तिथेच बरे होऊन उभे राहिलेले कार्यकर्ते यांनी ते चालू ठेवले, वाढवले, स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभागही पुढे सुरू झाला. २०२२ च्या जानेवारीत अनिल अवचटही गेले. काम चालूच आहे. नुसता स्वभाव असता तर तो माणसाबरोबर गेला असता. जे उरले ते शिकवलेले होते म्हणून उरले.

पुस्तक मिटले आणि मी आमच्या घरातल्या गोष्टी नव्याने आठवू लागलो.

पिणाऱ्याच्या घरी ती कधी संध्याकाळी जात नसे. सकाळी जायची, तो शुद्धीवर आणि शरमेत असताना. गेल्या गेल्या दारूचा विषय काढायची नाही. मुलाची फी भरली का, बागायतीत पाणी कोण सोडते, असे विचारायची. त्याच्या बायकोशी त्याच्यासमोर बोलायची नाही, तिला वेगळी भेटायची. गोमेकॉला निघताना पिशवीत प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स, पाण्याची बाटली आणि रुग्णासाठी काही खायला असायचे, कारण रांगेत मधुमेही म्हातारीला भोवळ येते हे तिने एकदा बघितले होते. अर्ज भरताना ती स्वतः पेन हातात घेत नसे. शेजारच्या शिकलेल्या सुनेला बोलावून तिच्याकडून भरून घ्यायची आणि स्वतः बाजूला बसून रकाने समजावायची. अशी कुणी ना कुणी मुलगी किंवा सून नेहमी तिच्याबरोबर असायची, म्हापशाला, मामलेदार कचेरीत, बांबोळीला. मी समजत होतो ती सोबत म्हणून नेते.

ती सोबत नव्हती. ती शिकवणी होती.

ही सारी कामे मी रोज पाहत होतो. पण पाहताना 'किती करते ही लोकांसाठी' एवढेच मनात यायचे. ती काय करते यापेक्षा ती कशी आहे याकडे लक्ष. आपल्या समाजाला ही सवयच आहे. आमच्या गोव्यातल्या सुधाताई जोशी, 'भारतीय संस्कृतिकोश' सिद्ध करणाऱ्या महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी. ६ एप्रिल १९५५ रोजी, पोर्तुगीज पोलिसांचा पहारा असताना, म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले आणि अटक होऊन तुरुंगवास पत्करला. आम्ही शाळेत मुलांना हे 'धैर्य' म्हणून सांगतो, आणि धैर्य ते होतेच. पण बंदी असताना अधिवेशन भरवायचे म्हणजे निरोप कसे पोचवायचे, माणसे कुठे जमवायची, पकडले गेलो तर मागे घर कोणी सांभाळायचे, याचा विचार आणि तयारी लागते. ती तयारी आम्ही सांगत नाही. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात गेल्या, तेव्हाही दत्तक मुलगा डॉ. यशवंत याने उभारलेला दवाखाना होता आणि त्या रुग्णांना तिथे आणत होत्या. आपण त्यांचे बलिदान सांगतो आणि दवाखाना विसरतो. बलिदानापुढे हात जोडून मोकळे होता येते. दवाखाना मात्र चालवावा लागतो.

दूर अमेरिकेत मात्र असे काम रीत म्हणून जपलेले दिसते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ मध्ये सुरू झाली तेव्हा पिणाऱ्या नवऱ्यांची बैठक आत चाले आणि बायका बाहेर वाट पाहत. संस्थापकांपैकी बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी त्या वाट पाहण्यातूनच काम उभे केले. बायकाही एकमेकींना आपले सांगू लागल्या, आणि १९५१ मध्ये अल-अनॉन हे कुटुंबीयांचे गट उभे राहिले. आज ते अनेक देशांत आहेत, कारण बैठक कशी घ्यायची ते लिहून ठेवले गेले, कुणालाही उचलता येईल असे.

आणि सगळ्यांत जवळचा पुरावा तर गोव्यातच होता. 'संगत' या इथल्या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये आले. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला डॉक्टर नव्हे, तर या क्षेत्राचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नसलेली साधी स्थानिक माणसे घेतली, त्यांना प्रशिक्षण दिले. जास्तीत जास्त चार भेटी, एवढेच. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के पुरुष आधीच्या दोन आठवड्यांत अजिबात प्यायले नव्हते, ते न मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. आकडे वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. कुणा देवमाणसाची वाट न पाहता, शिकलेला साधा माणूस हे करू शकतो, हे आमच्याच मातीत दाखवून दिलेले होते.

एक गोष्ट मला छळत राहिली, ती सांगितलीच पाहिजे. तिच्या कामाला विद्या म्हटले तर तिचे मन लहान होते का? सुईण चांगली शिकलेली आहे असे म्हटल्याने तिच्या हातातली माया कमी होत नाही, हे मला मान्य आहे. तरी नवऱ्याच्या मनाला वाटते की माझी बायको इतरांसारखी नव्हती, तिच्यासारखी दुसरी होणे नाही. ती नव्हतीच दुसऱ्यांसारखी. घरात मला तिची जी उणीव भासते ती कुठल्याही प्रशिक्षणाने भरून येणारी नाही, आणि येऊ नये. पण ती उणीव माझी आहे. गावाला उणीव आहे ती गोमेकॉला बरोबर जाणाऱ्या माणसाची. 'तिच्यासारखी दुसरी होणे नाही' असे मी गावासमोर म्हणत राहिलो तर तिने ज्यांना शिकवले त्या मुलींना मी सांगत असतो की तुम्हाला हे जमणार नाही. हे तिला आवडले नसते. तिने आयुष्यभर याच्या नेमके उलट केले.

शेजारच्या ज्या सुनेकडून ती अर्ज भरून घ्यायची तिच्याकडे आता फाटकातून हाका येतात. तिच्याकडे मी एकदा सहज पाहिले तर ती म्हातारीला आधी पाणी देत होती, मग कागद मागत होती. कुणाची सवय ती, मला विचारावे लागले नाही.

पुरस्काराचा बेत मी सोडला आहे. मुलीला हे पटलेले नाही. ती म्हणते, "बाबा, आईचे नाव दरवर्षी तालुक्यात घेतले जावे असे तुम्हाला वाटत नाही का?" वाटते, फार वाटते. पण पुरस्कारासाठी बाजूला ठेवलेली रक्कम मला दुसरीकडे वापरायची आहे. गावातल्या दोन-तीन जणींना व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचे प्रशिक्षण घ्यायला पाठवायचे, त्यांच्या जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च द्यायचा. गोमेकॉच्या ओपीडींचे वार, लागणारे कागद, योजनांच्या मुदती हे सगळे त्या सुनेकडून ऐकून मी एका मोठ्या तक्त्यावर उतरवतो आहे. तो महिला मंडळाच्या खोलीत लावायचा आहे. काही रकाने अजून रिकामे आहेत. हृदयरोग विभागाचा वार अलीकडे बदलला असे कुणीतरी सांगितले, तो फोन करून खात्री केल्याशिवाय मी लिहिणार नाही.