लोणा लागलेली भिंत

जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा लागला की पहिली आठवण सिमेंटची होते. गुडघाभर उंचीपर्यंत पोपडे सुटलेले असतात, नुसता हात लागला तरी माती भुरभुरते. गवंडी सैल भाग खरवडतो, सिमेंटचा माल थापतो, वर पुट्टी आणि रंग. दिवाळीला भिंत देखणी दिसते. दोन-तीन पावसाळे गेले की ओल कंबरेपर्यंत चढलेली असते आणि खापर जुन्या बांधकामावर फुटतं. माझ्या मते ते बहुतेक वेळा दुरुस्तीवर फुटायला हवं. पांढरी माती, जुनी वीट, कोकणातला जांभा हे सगळं पाणी पिणारं. पायातलं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं आणि येताना क्षार घेऊन येतं. चुन्याचा गिलावा ही ओल अडवत नाही, बाहेर सुकू देतो. क्षारांनी खराब व्हायचंच तर गिलावा होतो, भिंत वाचते. सिमेंटचा थर त्या मानाने घट्ट. कोंडलेलं पाणी आणखी वर सरकतं आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या पाठीमागे, भिंतीच्या अंगातच वाढतात. बोटाने ठोकल्यावर बद्द आवाज येतो तो भाग काढून पाहावा: सिमेंट पत्र्यासारखं एकसंध निघतं, त्याच्या पाठीला भिंतीचीच माती चिकटलेली असते आणि मागे कापसासारखा पांढरा क्षार. म्हणजे झिजायचा तो गिलावा शाबूत आणि आतली भिंत पोखरलेली.

यावर कोणी किल्लारीचं नाव घेईल. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात दगडमातीची घरं कोसळली, मग चुन्या-मातीवर भरवसा कसा ठेवायचा? प्रश्न रास्त आहे, पण तिथे घात केला तो माळवदाच्या भाराने आणि भिंतीचे दोन्ही पदर बांधणाऱ्या आडव्या दगडांच्या अभावाने. बोटभर सिमेंट थापून यातलं काहीच सुधारत नाही. त्यासाठी छत हलकं करावं लागतं, भिंती एकमेकींना जखडाव्या लागतात. दुसरी तक्रार वेळेची आणि पैशांची, आणि ती खोटी नाही. कळीचा चुना विरवायचा, मुरवायचा, वाळू आणि विटांची सुरखी घालून मळायचा, पातळ थर देऊन गोणपाटाने ओला ठेवायचा; हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो सावकाश दगड होतो. हे जाणणारा गवंडी मिळणंही कठीण. तरी हिशेब मांडायचा तर दर दोन वर्षांचा रंग, पुट्टी आणि ते महागडं वॉटरप्रूफिंगही त्यात धरावं. आतून मारलेलं वॉटरप्रूफिंग तर ओल झाकतं, थांबवत नाही.

खरं म्हणजे चुनासुद्धा नंतरचा. आधी पाणी कुठून येतं ते शोधावं: फुटलेली पन्हळ, नहाणीचा गळका निचरा, किंवा अंगणात घातलेली ती हौशी फरशी, जिच्यामुळे पावसाचं पाणी थेट जोत्याकडे वळतं. ते बंद करून, सिमेंट काढून, भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवावी. दिसायला ओंगळ दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू द्यावं. नवं शौचालय सिमेंटमध्ये बांधायला माझी हरकत नाही, फक्त त्याचं पाणी जुन्या पायात मुरणार नाही एवढा उतार आधी काढून घ्यावा.