दुखते म्हणजे कसे दुखते?

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात कधी गेलात, तर तिथल्या रुग्णांच्या रांगेत थोडा वेळ कान देऊन उभे राहा. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" बहुतेक लोक सांगतात, "दुखतंय." लगेच दुसरा प्रश्न येतो, "कसं दुखतंय?" आणि इथे माणूस अडतो.

खरे म्हणजे अडायला नको. दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा! पोटात कळ येते, गळू ठणकते, पाठीत उसण भरते, पायाला मुंग्या येतात, पित्ताने जळजळ होते, काही बाधले तर मुरडा येतो. तुमच्या उर्दूतही टीस आहे, जलन आहे, मरोड आहे. मरोड आणि मुरडा यांचे नाते तुमच्या कानांनी ओळखलेच असेल. 'दर्द' तर मराठीनेही घेतला. पण गंमत अशी, की मराठीतला 'दर्दी' म्हणजे गाण्यावर जीव टाकणारा रसिक! या शब्दांचा डॉक्टरांना फार उपयोग होतो. ताप मोजायला थर्मामीटर आहे, पण दुखणे मोजणारे यंत्र दवाखान्यात नसते. ज्याचे त्याने सांगायचे आणि ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा.

दादर स्टेशनच्या जिन्यावर ठेच लागली, तर आधी सणकन कळ येते आणि क्षणभराने मंद ठणका सुरू होतो. दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेणारे तंतू दोन जातींचे असतात, एक जलद आणि एक संथ. संथ तंतूंवरून निरोप साधारणपणे आपल्या चालण्याच्या वेगाने जातो. ठेच लागताच आपण अंगठा चोळतो, तेही उगीच नाही. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली असे मांडले, की मज्जारज्जूत जणू एक दार असते. चोळण्याच्या स्पर्शाचे निरोप तिथे पोहोचले, की दुखण्याच्या निरोपासाठी ते दार अर्धे मिटते.

असे ताजे दुखणे आपला पहारेकरी असते. तो नसला तर काय होते, ते वडाळ्याच्या ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयातील डॉक्टरांनी पुष्कळ पाहिले आहे. या रोगात हातापायांचे मज्जातंतू बधिर होतात. बोट तव्याला लागले तरी कळत नाही, पायात काच गेली तरी माणूस चालत राहतो. जखमा चिघळतात आणि बोटे आखूड होत जातात.

पण कधीकधी चोर निघून गेला तरी पहारेकरी ओरडतच राहतो. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या मावशीला साठीनंतर नागीण झाली. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षे झोपून राहतो आणि पुढे कधीतरी जागा होतो. (नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, असे म्हणतात, ती समजूत खोटी आहे.) मावशीच्या उजव्या बरगडीवर उठलेले पुरळ तीन आठवड्यांत वाळले, पण दुखणे गेले नाही. पोलक्याचा नुसता स्पर्श झाला, तरी विजेचा झटका बसल्यासारखे होई. शेजारणी म्हणत, "आता डागसुद्धा दिसत नाही, मग हिला होतं तरी काय?" मावशीने दुकानातून आणून नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या. पित्त वाढले, आग तशीच राहिली. अशा गोळ्या महिनोन्महिने मनाने घेतल्या, तर पोटात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडेही बिघडू शकतात. आपल्याकडची ही सवय मला मुळीच पटत नाही.

शेवटी ती एका डॉक्टरांना म्हणाली, "दुखत नाही हो, जळतं. निखारा ठेवल्यासारखं." त्या शब्दावर डॉक्टर थांबले. बरगडीवरची जखम केव्हाच भरली होती. बिघडला होता तो मज्जातंतू. अशा वेदनेवर फिट्सची किंवा नैराश्याची काही औषधे थोड्या मात्रेत उपयोगी पडतात. दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात आणि पुष्कळदा त्यालाच आजार मानून उपचार करतात.

परळलाच टाटा स्मारक रुग्णालय आहे. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथे कर्करोगाच्या रुग्णांच्या वेदनेवर उपचार करणारे वेगळे डॉक्टर आहेत. ते आकडा विचारतात: शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य, आज किती? लहान मुलांपुढे हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची एक शिडी सांगितली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे आणि सर्वांत वर मॉर्फिन. दुखेपर्यंत वाट न पाहता ते घड्याळाप्रमाणे द्यायचे.

मॉर्फिन अफूपासून मिळते. आपल्याच देशात मध्य प्रदेश आणि राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर ते रुग्णांना मिळणे अवघड झाले, कारण रुग्णालयांना कितीतरी परवाने काढावे लागत. नशेबाजाला अडवताना कायद्याने तळमळणाऱ्या रुग्णालाही अडवले, असेच म्हणावे लागेल. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी सोपी झाली.

औषधाने सगळा आकडा उतरतोच असे नाही. १९६७ साली लंडनमध्ये असाध्य रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हे रुग्णालय काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांच्या मते शरीराच्या दुखण्यात मनाचे, घराचे, पैशाचे दुखणेही मिसळलेले असते. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत परगावचे रुग्ण उतरतात. गावाकडे पेरणी कोण करील, मुलीची फी कोण भरील, या विचाराने रात्री तीच गाठ अधिक ठणकते. जवळ बसून हे ऐकणाऱ्याला तुमच्या उर्दूत फार नेमका शब्द आहे: हमदर्द.

मावशीचा आकडा आता आठवरून तीनवर आला आहे. पोलकी ती सैल शिवून घेते आणि रात्री उजव्या कुशीवरही निजते.