चौकाचा वारसा

वडिलोपार्जित वारसा म्हटला की शेत, घर अथवा दागिने डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु एका हातातून दुसऱ्या हातात उतरणारी कला हाही वारसाच होय. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे चरित्र पाहता याची खात्री पटते.

त्यांचा जन्म १९३४ साली झाला. बालपणीच मातृछत्र हरपले आणि त्या धक्क्याने मुलाची वाचा काही वर्षे बंद झाली. त्या काळात मनातले सारे तो धुळीत रेषा ओढून सांगे. वारल्यांमध्ये लग्नप्रसंगी सवाष्णी सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत व त्यात पालघट देवी रेखीत. हे काम स्त्रियांचेच मानले जाई. जिव्यांनी ती बांबूची काडी स्वतःच्या हाती घेतली आणि लग्नाची वाट न पाहता भातलावणी, मासेमारीची जाळी, तारप्याभोवतीचा फेर असे आपले सारे जग रेखाटले. पुढे भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने १९७० नंतरच्या दशकात ही चित्रे डहाणूच्या पाड्यांतून मुंबईस व तेथून परदेशी गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू हेही चित्रकारच झाले.

चौक हा शब्द आमच्या नंदनवनातील घरीही आहे. आमची आजी भंडाऱ्याकडील, भाताच्या मुलखातली. मंगलकार्यात पाटाखाली तांदळाच्या पिठाचा चौक तीच भरते. आता तिचा हात कापतो. आईस नोकरीमुळे ते शिकण्यास सवड मिळाली नाही, आणि ताईचे लग्न उन्हाळ्यात आहे. बाजारात चिकटवावयाची तयार रांगोळी मिळते, असे सर्वांनी सुचविले. तथापि आम्ही दोघे भाऊ रोज सायंकाळी आजीजवळ बसू लागलो. मुलग्यांना हे कशाला, असे शेजारी हसून म्हणतात. आजीस मापे विचारली तर सांगता येत नाहीत. तिची रेषा थरथरते, पण चौकाचे कोन चुकत नाहीत. आमच्या चिमटीतून पीठ अद्याप सारखे सुटत नाही.

बालमित्रहो, शेत व घर कागदावर लिहून मागे ठेवता येते; हातातील विद्या मात्र तो हात चालता आहे तोवरच घेता येते. आपल्या घरी असे कोणते हात आहेत, हे प्रत्येकाने एकवार पाहावे आणि त्यांच्याजवळ जाऊन बसावे.