उभ्या चाकाची झीज

फिरणारं झिजतं आणि थांबलेलं शाबूत राहतं, हा आपला पक्का समज बेअरिंगच्या बाबतीत टिकत नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटहून कोऱ्या मोटारी रेल्वेने दूरदूर जात. वाघिणीत जखडलेल्या मोटारींची चाकं वाटेत एक फेराही घेत नसत. तरी उतरवल्यावर काहींची बेअरिंगं खरखरत. उघडून पाहावं तर छर्रे ज्या कड्यावर टेकतात त्या रेसवर, नेमके छऱ्याछऱ्याच्या अंतराने, खळगे. अभियंते जॉन आल्मेन यांनी १९३७ साली या विकाराबद्दल लिहिलं. कोणी म्हणेल, यात नवल काय, गाडीच्या वजनाने आणि रुळांच्या दणक्यांनी पोलाद दबलं असेल. तसे दबलेले खळगेही असतात, पण भिंगाखाली दोन्ही वेगळे दिसतात. दाबाने पडलेल्या खळग्याच्या तळाशी कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या बारीक रेषा तशाच असतात; पृष्ठभाग नुसता खाली बसलेला असतो. या मोटारींच्या खळग्यांतून त्या रेषाच पुसलेल्या असतात आणि कडेला तांबूस-तपकिरी भुकटी साठलेली असते. म्हणजे धातू दबलेला नाही, तो खरवडून निघालेला आहे.

खरवडतो तो कंप. छर्रा पूर्ण वेगाने धावतो तेव्हा तो तेल स्वतःखाली ओढून घेतो. तिथला दाब वातावरणाच्या दहा हजार पटींवर जातो, त्या दाबाखाली तेल क्षणभर जवळजवळ घट्ट होतं, आणि मायक्रॉनहूनही पातळ अशा त्या पडद्यावर सारा भार तोलला जातो. मला यंत्रशास्त्रात याहून सुंदर काही ठाऊक नाही. पण छर्रा जागच्या जागी काही मायक्रॉन डुलत राहिला तर तेल बाजूला सारलं जातं आणि परत यायला त्याला वाट मिळत नाही. पोलादाचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना चिकटतात, तुटतात; तुटलेले कण हवेने गंजतात. सोनार चकाकीसाठी वापरतात ती लाल पूडही लोहाचा ऑक्साइडच. इथे ती छऱ्याखाली अडकून रेस घासत राहते. मग ग्रीस भरपूर भरावं, असं सुचेल. ते नेहमी पुरत नाही, कारण घट्ट ग्रीस एकदा बाजूला सरलं की तिथेच बसून राहतं. पातळ तेल निदान झिरपत परत येतं. धावणारं बेअरिंगही अखेर थकतं, हे खरंच. पण त्याला लाखो फेरे लागतात, आणि इथे एकाही फेऱ्याविना रेस बिघडते. चालत्या पंपाचा कंप शेजारच्या थांबलेल्या पंपापर्यंतही पोचतो. म्हणून तिथे राखीव ठेवलेल्या पंपाचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवतात, आणि फिरवताना छर्रे पुन्हा जुन्याच जागी टेकणार नाहीत हे पाहतात. तेवढ्याने कंप थांबत नाही. तो अडवायचा तर दोन्ही पंपांचे पाये एकमेकांपासून सुटे हवेत.