वेरूळची अम्लरेखने : मूर्ती आणि डोंगर

सोलापूर



वेरूळच्या ज्या छापचित्रांविषयी आपण विचारणा केली होती, ती टॉमस डॅनियल याने १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या चोवीस चित्रांच्या संचातील असून जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून ती तयार झाली. वेल्स १७९५ मध्येच वारल्यामुळे छापील संच त्याला पाहता आला नाही. त्याचा साहाय्यक, पुण्याचा गंगाराम तांबट, यानेही वेरूळची लेणी रेखाटली होती आणि त्याच्या नावावाचून हा इतिहास अपुराच राहतो.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेषा ओढायच्या, उघडा पडलेला धातू आम्लाला खाऊ द्यायचा आणि त्या खाचांत शाई भरून ओलसर कागदावर ठसा घ्यायचा, या पद्धतीला अम्लरेखन म्हणतात. छायेसाठी पत्र्यावर राळेची पूड तापवून चिकटवतात. कणांमधल्या फटींतूनच आम्ल आत शिरते आणि पत्रा जितका वेळ आम्लात राहील तितकी छटा गडद उमटते. हे ॲक्वाटिंट होय. अशा छटेकडे भिंगातून पाहिल्यास सलग काळोखाऐवजी कणाकणांचे जाळे दिसते, आणि खडबडीत बेसाल्टचा पोत दाखवण्यास ते विलक्षण अनुरूप ठरते.

आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात आकाराला आलेले कैलास लेणे माथ्याकडून पायथ्याकडे कोरले गेले, त्यामुळे प्रांगणातील भव्य हत्तीही मूळ डोंगराचाच अंश आहेत. कैलासात छिन्नीने सोडून दिलेले ते शिल्प, तर पत्र्यावर आम्लाने खाल्लेले ते चित्र. दोन्हींचे काम वजाबाकीचे, म्हणूनच हे माध्यम या विषयाला इतके जवळचे वाटते. संचात लेण्यांबरोबर वेरूळच्या डोंगराची स्वतंत्र दृश्येही आहेत, आणि मूर्तीला तिच्या भूमीपासून न तोडणे हाच या चित्रांचा सर्वांत मोठा गुण होय.

भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथील ३५९ मुखांच्या शिवलिंगाकडेही याच दृष्टीने पाहायला हवे; केवळ मुखे मोजून न थांबता, मंदिर, नदीकाठ आणि काळा दगड यांसह त्याचे अम्लरेखन सोलापूरच्या कला-विद्यार्थ्यांनी करावे, ही मनापासूनची इच्छा आहे.