भुसावळच्या केळबागा

भुसावळ म्हटलें कीं बहुतेकांना रात्रींचें स्टेशन आणि फलाटावरचा चहा आठवतो. येथून लोहमार्गाचा एक फांटा नागपूरकडे जातो, दुसरा खांडव्याकडे. या दुसऱ्या फांट्यानें दिवसा प्रवास करावा. तापीचा पूल ओलांडला कीं सावदें, निंभोरें, रावेर अशीं स्टेशनें लागतात आणि सातपुड्याच्या दिशेनें नजर टाकावी तिकडे केळीच केळी दिसतात. वाघिणी भरभरून केळीं उत्तरेकडे धाडणारीं हींच स्टेशनें. २०१६ सालीं ‘जळगांव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळालें, तेंही या मुलुखाच्या जोरावर.

गाडींतून ही हिरवाई निर्धास्त वाटते. बांधावर गेलें म्हणजे निराळें दिसतें. आषाढांत लाविलेल्या मृगबागेंत दोन-तीन महिन्यांचें एखादें झाड पिवळें पडून मान टाकतें. त्याला ओढूं जावें, तों तें जमिनीशीं तुटून हातांत येतें. कंद मातींतच राहतो, आणि तेथून अशी दुर्गंधी सुटते कीं नाकाला पदर लावावा. ही कंदसड. शास्त्रज्ञांनीं तिच्या जंतूचें नांव आतां ‘पेक्टोबॅक्टेरियम’ असें बदललें आहे, पण शेतकरी ‘इर्विनिया’च म्हणतात. रोगालाही माहेरचें नांव सुटत नाहीं!

हा जंतु कंदाच्या पेशींना सांधणारें द्रव्यच विरघळवितो. म्हणून घट्ट कंदाचा चिखल होतो. शिरावयास त्याला खुरप्याची जखम किंवा किड्यानें पाडलेलें भोंक पुरतें; वाढावयास मात्र ऊब आणि ओल एकत्र लागते. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांवर चढतो. त्या उष्म्यामागून पाऊस कोसळून काळ्या जमिनींत पाणी तुंबलें, कीं जंतूचें फावतें. आणि कोवळा कंद नेमका त्याच वेळीं जमिनींत असतो.

दुसरी लागवड आश्विन-कार्तिकांतली. तिला कांदेबाग म्हणतात. तिला तुंबलेल्या पाण्याचें भय कमी, परंतु पौषांतील थंडीनें तिची वाढ खुंटते. तेव्हां लागवडीचा महिना ठरवितांना शेतकरी कोणत्या संकटाशीं झुंजावयाचें तेंच एका परीनें ठरवीत असतो.

घड हातीं यावयास सुमारें वर्ष लागतें. मेलेल्या झाडाच्या जागीं नांग्या भरतां येतात. पण मागाहून लाविलेलें रोप शेजाऱ्यांच्या सावलींत सांपडतें आणि कापणीला मागें राहतें. औषध ओततात, तथापि कुजलेला कंद त्यानें पुन्हा धड होत नाहीं. उंच गादीवर लागवड करावी, चर काढून पाणी वाहतें ठेवावें, आजारी झाड कंदासकट बागेबाहेर न्यावें आणि त्याला लागलेला कोयता धुतल्यावांचून दुसऱ्याला लावूं नये, हेंच खरें पथ्य. पूर्वीं शेजारच्या बागेंतले मुनवे आणून लावीत, त्यांबरोबर रोगही येई. आतां प्रयोगशाळेंत वाढविलेलीं रोपें मिळतात. तीं निर्जंतुक असतात, पण जमीन तशी नसते. त्यासाठीं उन्हाळ्यांत जमीन खोल नांगरून तापूं द्यावी आणि केळीवर लागलीच केळी घेऊं नये, असें जाणते सांगतात. ज्याचें शेतच चार एकरांचें, त्याला एवढें एक वर्ष केळीवांचून काढणें जड जातें.